योगवर्गातील संस्कृत पठण : मुखपरंपरा आणि लिपी

प्रास्ताविक

विसाव्या शतकात योगाभ्यास मठ, राजाश्रय आणि मोजकी घराणी यांच्याबाहेर पडून सार्वजनिक वर्गात आला. आसनांची संस्कृत नावे, प्रारंभीची प्रार्थना व योगसूत्रांचे पठण यांमुळे संस्कृत उच्चारण हा योगशिक्षकाच्या अध्ययनाचा भाग बनला. हे उच्चारण त्याने कोणत्या मार्गाने आत्मसात केले, याचा येथे विचार केला आहे.

शिक्षाशास्त्राची परंपरा

सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे उच्चारणाचे शास्त्र होय. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम व संतान हे तिचे विषय सांगितले आहेत. गुरूने एकदा उच्चारावे आणि शिष्याने ते दोनदा म्हणावे, ही वेदाध्ययनाची रूढ पद्धत. ‘पाणिनीय शिक्षे’त तर लिखित पाहून म्हणणाऱ्याची गणना अधम पाठकांत केली आहे. मात्र या अध्ययनाचा अधिकार रूढीने प्रामुख्याने उपनीत पुरुषांपुरता मर्यादित ठेवला होता.

मद्रास आणि पुणे

म्हैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालविणारे तिरुमलै कृष्णमाचार्य (१८८८-१९८९) पुढे मद्रासला स्थायिक झाले. त्यांनी स्त्रियांनाही वेदपठण शिकविले. त्यांचे पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या कृष्णमाचार्य योग मंदिरम् या संस्थेत परदेशी विद्यार्थीही पठण शिकू लागले. अधिकाराची चौकट सैल झाली, परंतु ऐकून दोनदा म्हणण्याची पद्धत टिकली.

कृष्णमाचार्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले. १९७५ मध्ये तेथे त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या परंपरेतील वर्गारंभीची पतंजलिवंदना श्लोकबद्ध आहे. वेदमंत्राप्रमाणे तिला उदात्त, अनुदात्त व स्वरित यांचे बंधन नाही. परंतु लघु-गुरूचा भेद पाळल्याखेरीज तिचे वृत्त सांभाळले जात नाही.

लिपीची मर्यादा

परदेशातील शिक्षकाच्या हाती पठण बहुधा रोमन अक्षरांत पडले. १८९४ च्या जिनीव्हा येथील प्राच्यविद्या परिषदेने लिप्यंतराचे संकेत ठरविले होते. तथापि लोकप्रिय छपाईत अक्षरांवरील व खालील चिन्हे गळाली. परिणामी ‘आसन’ मधील दीर्घ आ आणि ऱ्हस्व अ यांतील भेद दिसेनासा झाला. श आणि ष एकाच जोडाक्षराने लिहिले जाऊ लागले.

देवनागरी जाणणारा मराठी शिक्षकही यातून सुटत नाही. मराठीत ‘योग’ चा उच्चार व्यंजनान्त होतो, संस्कृतात तो अकारान्त आहे. श्लोकात असा एक अकार गळाला तरी एक अक्षर कमी होऊन वृत्त मोडते. ‘ऋ’ चा रु आणि ‘ज्ञ’ चा द्न्य होतो. च व ज यांचे मराठीतील दंत्य उच्चार संस्कृतात नाहीत. लिपी परिचित असल्यामुळे हे दोष लक्षात येणे अधिक कठीण जाते.

निष्कर्ष

युनेस्कोने २००३ मध्ये वैदिक पठणपरंपरेचा मौखिक वारसा म्हणून गौरव केला. योगवर्गातील पठणाचा इतिहास मात्र असे दर्शवितो की, अधिकार विस्तारल्याने उच्चारणाची हानी झाली नाही. जेथे पाठासोबत अध्यापनाची पद्धतही पोहोचली, तेथे स्त्रिया व परदेशी विद्यार्थी यांनीही शुद्ध पठण साध्य केले. जेथे केवळ छापील पाठ पोहोचला, तेथे मात्रा हरवली. योगशिक्षकांच्या अभ्यासक्रमात म्हणूनच पुस्तकाआधी श्रवणाला स्थान मिळणे आवश्यक ठरते.