ट्रुमन, पोलाद आणि नऊ न्यायाधीश

राष्ट्राध्यक्षाला अडवायचं कुणी, हा प्रश्न निघाला की मला १९५२ सालची अमेरिका आठवते.

कोरियात युद्ध चालू होतं. इकडे पोलाद कामगार पगारवाढीसाठी संपावर निघाले होते. संपाला काही तास उरले असताना, ८ एप्रिलला, हॅरी ट्रुमन यांनी देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. कारण काय, तर सैन्याला पोलाद कमी पडेल.

आता गंमत बघा. संप लांबवायला टाफ्ट-हार्टली कायदा होताच. पण १९४७ मध्ये ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने तो केलेला. तो वापरायची त्यांची इच्छा नव्हती.

२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश रद्द केला. कायदे करणं काँग्रेसचं काम, अध्यक्षाचं नाही! आणि नऊही न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले. विरोधात गेलेल्या सहांपैकी दोघे तर खुद्द ट्रुमन यांचे.

ट्रुमन यांना निकाल मुळीच पटला नाही, पण कारखाने त्यांनी लगेच परत केले. संप झाला, पन्नासहून जास्त दिवस चालला.

मला वाटतं, सत्ताविभाजन नुसतं राज्यघटनेत लिहून भागत नाही. नेमणाऱ्यालाच ‘नाही’ म्हणणारा न्यायाधीश लागतो, आणि ते ऐकणारा अध्यक्षही.