खानदेशाचे राजकीय एकीकरण

तापी खोऱ्यातील युद्धग्रस्त खानदेशाची मुंबई इलाख्यातून महाराष्ट्र राज्यापर्यंत झालेली वाटचाल. मंदसोरच्या तहान्वये (जानेवारी १८१८) होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांस दिला. त्याच वर्षी पेशवाईही संपुष्टात आली. मालेगावच्या किल्ल्यातील अरब शिबंदीने मात्र जूनपर्यंत प्रतिकार केला. पुढे कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे येथे मुख्य ठाणे वसविले. भिल्लांवरील मोहिमा निष्फळ ठरल्याने १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारून त्यांना नोकरीत सामावून घेतले. तरीही असंतोष शमला नाही. १८५२ मध्ये सावदा-फैजपूर भागातील शेतकऱ्यांनी जमीनमोजणीस विरोध केला; १८५७ मध्ये सातपुड्यात खाज्या नाईक उठला.

१९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश हे जिल्हे झाले. विसाव्या शतकात विलीनीकरणाचा निकष भाषा हा ठरला. ग्रीअर्सनने भिल्ली व खानदेशी बोलींचा मराठीहून वेगळा विचार केला. मराठी अभ्यासकांनी अहिराणीचे मराठीशी नाते प्रतिपादिले. १९५६ च्या द्वैभाषिकानंतर १ मे १९६० रोजी दोन्ही जिल्हे महाराष्ट्रात आले. पुढे त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली. पश्चिम खानदेशातील नंदुरबार, नवापूर, तळोदे व अक्कलकुवा भागांतील काही गावे मात्र गुजरातेत गेली. परिणामी आदिवासी समाज दोन राज्यांत विभागला गेला. शस्त्राने आरंभलेले एकीकरण अखेर कायद्याने पूर्ण झाले. मात्र त्याची सीमारेषा डोंगरातील सोयरसंबंधांना जुळणारी नव्हती.