'ब्लेड रनर' आणि कागदाचा एकशिंगी घोडा

विज्ञानपटांच्या इतिहासात अवकाशयाने, यंत्रमानव आणि परग्रहवासीयांची गर्दी असली, तरी सर्वाधिक वाद ज्या वस्तूवरून झाला ती वस्तू तळहातावर मावेल एवढी आहे. रिडली स्कॉट दिग्दर्शित 'ब्लेड रनर' या चित्रपटाच्या अखेरीस दिसणारा, चंदेरी कागदाला घड्या घालून केलेला एकशिंगी घोडा, अर्थात युनिकॉर्न, ही ती वस्तू होय. चित्रपटाचा नायक माणूस आहे की माणसाने बनवलेली प्रतिकृती, या प्रश्नाचे उत्तर या कागदी प्राण्यात दडले असल्याचे मानले जाते.

हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. फिलिप के. डिक यांच्या १९६८ मधील कादंबरीवर तो आधारित आहे. प्रदर्शनाच्या काही महिने आधी, मार्च १९८२ मध्ये, डिक यांचे निधन झाले. कथा घडते ती २०१९ सालच्या लॉस एंजलिसमध्ये. माणसासारखेच दिसणारे, पण मोजके आयुष्य देऊन घडवलेले 'रेप्लिकंट' पृथ्वीवर परततात आणि त्यांना संपवण्याचे काम डेकार्ड या माजी पोलिसावर सोपवले जाते. ही भूमिका हॅरिसन फोर्ड यांनी केली. डेकार्डच्या मागे सावलीसारखा वावरणारा गॅफ हा पोलीस अधिकारी एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी साकारला. कादंबरीत गॅफ नाही आणि एकशिंगी घोडाही नाही.

गॅफ फार बोलत नाही. जे सांगायचे ते बोटांनी सांगतो. डेकार्ड काम स्वीकारण्यास नकार देतो, तेव्हा तो कागदाची कोंबडी घडवतो. इंग्रजीत भित्र्या माणसाला कोंबडी म्हणतात, हे ठाऊक असल्याशिवाय त्यातला टोमणा कळत नाही. पुढे एका खोलीच्या झडतीत तो काडेपेटीच्या काडीचा माणूस करतो. शेवटी डेकार्ड आपली प्रेयसी रेचेल हिला घेऊन घराबाहेर पडत असताना तिच्या पायाशी कागदाचा एकशिंगी घोडा आढळतो. रेचेल स्वतः रेप्लिकंट आहे.

१९८२ च्या प्रतीत याचा अर्थ सरळ होता. गॅफ येऊन गेला आणि त्याने रेचेलला जिवंत सोडले, एवढेच. निर्मात्यांच्या आग्रहाने त्या प्रतीत नायकाचे निवेदन आणि सुखान्त शेवटही जोडला होता. तरीही चित्रपटाला तिकीटबारीवर अपेक्षित यश लाभले नाही.

१९९० आणि १९९१ मध्ये चित्रपटाची जुनी प्राथमिक प्रत अमेरिकेतील काही चित्रपटगृहांत दाखवली गेली व प्रेक्षकांनी गर्दी केली. त्यातून १९९२ मध्ये 'दिग्दर्शकाची प्रत' आली. निवेदन व सुखान्त शेवट वगळले गेले आणि काही सेकंदांचे एक दृश्य वाढले. पियानोपाशी बसलेल्या डेकार्डच्या मनात, जंगलातून धावत येणारा पांढरा एकशिंगी घोडा दिसतो. कागदी घोड्याच्या दृश्यात काडीचाही बदल झाला नाही. त्याचा अर्थ मात्र पालटला.

कारण असे, की चित्रपटाच्या पूर्वार्धात डेकार्ड रेचेलला तिच्या बालपणीची, कोणालाही न सांगितलेली आठवण सांगून दाखवतो. ती आठवण दुसऱ्या मुलीची असून रेचेलच्या मेंदूत घातलेली असते. मग डेकार्डच्या मनातले चित्र गॅफला कसे कळले? त्याच्याही आठवणी कुणीतरी घडवलेल्या असल्या पाहिजेत. स्कॉट यांनी २००० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील माहितीपटात डेकार्ड रेप्लिकंट असल्याचे स्पष्ट केले. पडद्यावर प्रेक्षकाला आपला वाटेल असा एक तरी माणूस हवा, ही फोर्ड यांची जुनी भूमिका होती. २०२३ च्या एका मुलाखतीत त्यांनी मात्र आपल्याला सत्य ठाऊक होते, पण ते मान्य करायचे नव्हते, अशा आशयाचे उत्तर दिले. कागदी घोड्याकडे केवळ दयेची खूण म्हणून पाहणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही. स्वतः मरणाधीन असलेल्या रेप्लिकंटने माणसाचा जीव वाचवावा, या प्रसंगाचे बळ डेकार्ड माणूस असण्यातच आहे.

स्वप्नातले ते दृश्य स्कॉट यांच्याच १९८५ च्या 'लेजंड' या चित्रपटातून उचलले, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. ते 'ब्लेड रनर'साठीच चित्रित झाले होते. २००७ च्या 'अंतिम प्रती'त ते अधिक विस्ताराने येते.

युरोपने आपलासा केलेल्या या प्राण्याचे मूळ वर्णन भारताशी जोडलेले आहे, ही बाब मराठी वाचकास रंजक वाटेल. इराणच्या दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियस याने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास, भारतात कपाळावर एक शिंग असलेली रानगाढवे आहेत आणि त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्यास विष बाधत नाही, असे लिहिले. तो स्वतः भारतात आला नव्हता. ऐकीव माहितीत गेंड्याचा अंश मिसळला असावा, असे अभ्यासकांना वाटते. त्याहून कितीतरी आधी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर एकशिंगी पशू सर्वाधिक वेळा कोरला गेला होता. मात्र तो घोड्यापेक्षा बैलाच्या जवळचा आहे.

कागदाच्या घडीकलेत हा प्राणी अवघड समजला जातो. चौरस कागदाला कोपरे चारच. पक्ष्याला तेवढे पुरतात: चोच, शेपटी आणि दोन पंख. घोड्याला चार पाय, डोके व शेपटी हवी, आणि त्यावर शिंग म्हणजे सातवे टोक. अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांनी घड्यांची चिन्हलिपी रूढ केली, तर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लँग यांनी हवी तितकी टोके काढण्याचे गणित मांडले. या गणिताच्या वाटेवर एक भारतीय पाऊलखूणही आहे. टी. सुंदर राव यांचे घड्यांच्या भूमितीवरील इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाले आणि पुढे अमेरिकेतही छापले गेले.

२०१७ मध्ये दिग्दर्शक डेनी विलेनव यांचा 'ब्लेड रनर २०४९' आला. त्यात वृद्धाश्रमात राहणारा गॅफ पुन्हा भेटतो. डेकार्डविषयी चौकशी करण्यास आलेल्या तरुण अधिकाऱ्याशी बोलता बोलता तो कागद दुमडत राहतो. या वेळी त्याच्या हातून मेंढी घडते. डिक यांच्या मूळ कादंबरीच्या नावात मेंढ्याच होत्या.