दोन काठ्यांचे कूळ

सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि हिमालयातील पायवाटांवर आज अनेकांच्या दोन्ही हातांत दिसणारी, लांबी कमी-जास्त करता येणारी काठी, म्हणजेच ट्रेकिंग पोल, ही मेंढपाळाच्या काठीची थेट वंशज आहे असे सहज मानले जाते. तिची रचना बारकाईने पाहिली असता मात्र ही समजूत अर्धीच खरी ठरते. मनगटावर भार घेणारा पट्टा आणि टोकाच्या किंचित वर बसवलेली चकती हे तिचे दोन अवयव मेंढपाळाच्या काठीकडून आलेले नाहीत. ते स्कीइंगमधून, म्हणजे पायांना लांब पट्ट्या जोडून बर्फावरून घसरत जाण्याच्या विद्येतून आले, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय काठी कशी निवडावी व कशी धरावी याचा उलगडा होत नाही.

या कुळाची जुनी शाखा आल्प्स पर्वतातली. तेथील मेंढपाळ, शिकारी आणि खिंडी ओलांडणारे वाटसरू लोखंडी अणीची लाकडी काठी वापरत, तिला आल्पेनस्टॉक म्हणतात. झुरिचचा विद्वान योसिआस सिम्लर याने 1574 मध्ये आल्प्सविषयी लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात बर्फावरील प्रवासाच्या इतर साधनांबरोबर अशा काठीचेही वर्णन केले आहे. बहुधा माणसाच्या उंचीपेक्षाही लांब असणारी ही काठी एकच असे आणि दोन्ही हातांनी धरली जाई: चढताना ती आधार देई, हिमनदीवर पुढच्या बर्फाखाली भेग आहे की काय हे ती खुपसून कळे, आणि उतारावर तिच्यावर मागे रेलून घसरत जाताना तीच वेग आवरून धरी. जाक बाल्मा आणि मिशेल-गाब्रिएल पाकार 8 ऑगस्ट 1786 रोजी माँ ब्लाँच्या शिखरावर पहिल्यांदा पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ ना दोर होता ना कुऱ्हाड. होत्या त्या अशा लांब काठ्या.

एकोणिसाव्या शतकात या काठीचे काम विभागले गेले. कठीण बर्फात पायऱ्या खोदण्यासाठी वाटाडे लाकूडतोड्याची कुऱ्हाडही जवळ बाळगत; दोन्ही साधनांच्या संयोगातून हिमकुऱ्हाड घडत गेली, आणि 1864 मध्ये लंडनच्या अल्पाइन क्लबच्या समितीने दोर, कुऱ्हाडी व काठ्या यांची एकत्र तपासणी केली. पुढे गिर्यारोहकांनी कुऱ्हाड पत्करली आणि लांब काठी उरली ती मुख्यतः शिकाऱ्यांकडे व पर्यटकांकडे. हे पर्यटक भेट दिलेल्या स्थळांची नावे तिच्यावर डागून घेत.

दुसरी शाखा स्कीइंगची. तेथेही प्रारंभी एकच लांब काठी प्रचलित होती, आणि ऑस्ट्रियात आल्प्सच्या उतारांसाठी स्कीइंगचे तंत्र बसवणारा माथियास झ्दार्स्की हाही एकाच काठीने शिकवीत असे. दोन आखूड काठ्यांची पद्धत रूढ झाल्यावर प्रत्येक हाताला स्वतंत्र काम मिळाले. काठी भुसभुशीत बर्फात खोल रुतू नये म्हणून चकती आणि ढकलण्याचा जोर मुठीऐवजी मनगटावर यावा म्हणून पट्टा, हे अवयव तिथलेच. बांबूची जागा पुढे पोलादाने घेतली आणि 1958 मध्ये अमेरिकेतील एड स्कॉट याने निमुळती ॲल्युमिनियमची काठी तयार केली.

या दोन शाखा पुढे एकाच काठीत एकत्र आल्या. जर्मनीतील कार्ल लेनहार्ट याने 1948 मध्ये स्थापन केलेल्या लेकी या कंपनीने 1974 मध्ये 'मकालू' नावाची, लांबी बदलता येणारी काठी बाजारात आणली, आणि हिमालयातील शिखराचे नाव मिरवणारी ही काठी बर्फाबाहेरच्या चालण्यासाठी रुळली. एकात एक सरकणाऱ्या नळ्या आत फुगणाऱ्या खुंटीने घट्ट करण्याची फिरकीची पद्धत आधी आली. तीत ओल व माती शिरली की पकड सुटते, म्हणून बाहेरून आवळणारी खटक्याची पद्धत पावसाळी वाटांसाठी अधिक भरवशाची. कार्बन हलका खरा, पण खडकांच्या बेचक्यात आडवा ताण आला की तो एकाएकी तुटतो. ॲल्युमिनियम बहुधा आधी वाकते, आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर हा गुण वजनातील थोड्या बचतीपेक्षा मोलाचा आहे.

सपाटीवर कोपराचा काटकोन व्हावा इतकी लांबी योग्य. चढावर ती थोडी कमी आणि उतारावर थोडी जास्त करावी. हात पट्ट्यात खालून वर घालून पट्ट्यासह मूठ धरावी, म्हणजे भार मनगटावर येतो आणि बोटे सैल राहतात. हेर्मान श्वामेडर व सहकाऱ्यांच्या 1999 मधील अभ्यासात तीव्र उतारावर दोन काठ्यांमुळे गुडघ्याच्या सांध्यावरील बल 12 ते 25 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले, म्हणून घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या खडीच्या, लांब उतरणीवर काठ्यांचा उपयोग सर्वाधिक. मात्र सतत आधार घेतल्याने शरीराची तोल सांभाळण्याची सवय मंदावते, असा इशारा आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय समितीने दिला आहे. सह्याद्रीतील कातळटप्प्यांवर, जिथे खोबणींत हात घालूनच चढावे लागते, तिथे काठ्या मिटवून पाठपिशवीला बांधाव्यात. आणि हिमस्खलनाच्या उतारावर पट्ट्यातून हात आधीच काढून ठेवावेत, कारण अडकलेली काठी माणसाला बर्फाखाली ओढते.