घरातला जागल्या

‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. संकट एकीकडे आणि उपाय भलतीकडे, असा तिचा भावार्थ. घरातल्या आगीच्या बाबतीत मात्र याहूनही विचित्र प्रकार घडतो. आग लागते त्याच घरात माणूस असतो. दार चार पावलांवर असते. पायांत धावण्याचे बळ असते. आणि तरीही तो वाचत नाही. कारण तो झोपलेला असतो, आणि आगीची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. निद्रिस्त माणसाचे कान थोडेफार जागे राहतात, परंतु नाक जवळजवळ पूर्ण झोपी जाते. धुराच्या वासाने आपल्याला जाग येईल, हा समज म्हणूनच घातक आहे. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू असतो. तो झोप मोडण्याऐवजी ती अधिकच गाढ करतो. घरच्या आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळांचा बळी ज्वाळा घेत नाहीत, धूर घेतो.

अग्निनिवारणाचा इतिहास हा जसा पाण्याचा आणि बंबाचा इतिहास आहे, तसा तो वार्तेचाही आहे. आग लागल्याचे वेळीच कोणी, कोणाला, कसे कळवावयाचे, हा प्रश्न नगरे वसली तेव्हापासून माणसाला छळत आला. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त नगराच्या व्यवस्थेविषयी जो अध्याय आहे, त्यात उन्हाळ्यात घराबाहेर स्वयंपाक करावा, घरोघरी पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड आदी साधने सिद्ध ठेवावीत, रस्त्यांवर पाण्याची भांडी ओळीने मांडावीत, असे नियम घालून दिलेले आढळतात. मध्ययुगीन युरोपात ठरावीक वेळी घंटा होई आणि प्रत्येकाने आपल्या चुलीतील विस्तव झाकून टाकावयाचा असे. आज ज्याला आपण कर्फ्यू म्हणतो तो शब्द मुळात ‘विस्तव झाका’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांपासून आला आहे. १६६६ साली लंडन शहर चार दिवस जळत राहिले, तेव्हापासून तेथे विटांची घरे आणि आगीचा विमा या दोन्ही गोष्टींनी मूळ धरले. तरीसुद्धा रात्रीची मदार होती ती पहारेकऱ्यावरच. युरोपात तो कंदील घेऊन फिरे. आपल्याकडे गावोगाव जागल्या गस्त घाली. पण पहारेकऱ्याच्या अंगी एक उणीव होती. तो माणूस होता, आणि माणसाला झोप येते. म्हणून पुढे पहारेकऱ्याची फेरी झाली की नाही हे नोंदवणारी घड्याळे निघाली. पहाऱ्यावरही पहारा लागतो, हे शहाण्या माणसांनी फार पूर्वीच ओळखले होते. ते विसरल्याने काय होते, हे पुढे दिसेलच.

विजेचे युग अवतरले तेव्हा वार्तेला वेग आला. १८५२ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी तारायंत्राच्या तत्त्वावर नगराची पहिली विद्युत् अग्निसूचना यंत्रणा उभी केली. रस्त्यारस्त्यावर पेट्या बसवल्या. पेटीतील दांडा फिरवताच आग कोणत्या भागात आहे ते मध्यवर्ती ठाण्याला कळू लागले. परंतु दांडा फिरवावयास जागा असलेला माणूस हवाच होता. १८९० साली एडिसनचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी फर्नांडो डिबल यांच्यासह आपोआप वाजणाऱ्या विद्युत् अग्निसूचकाचे पेटंट मिळवले. हे यंत्र उष्णतेवर चाले. उष्णता ही आगीची उशिरा येणारी खूण होय. छताजवळची हवा पुरेशी तापेपर्यंत धुराने आपले काम बहुधा उरकलेले असते.

धुराचा माग काढण्याची कल्पना योगायोगाने सापडली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील वॉल्टर येगर हे विषारी वायू ओळखणारे उपकरण तयार करण्याच्या खटपटीत होते. वायू शिरला की उपकरणातील क्षीण विद्युत्प्रवाह बदलेल, अशी त्यांची अपेक्षा; पण काही केल्या काटा हलेना. असे सांगतात की, हताश होऊन त्यांनी सिगारेट पेटवली आणि काय आश्चर्य! वायूला दाद न देणारा काटा सिगारेटच्या धुराने हलला. त्यांचेच देशबांधव एर्न्स्ट मायली यांनी हा सूक्ष्म बदल मोठा करून घंटा वाजवू शकेल अशी खास नलिका शोधली, आणि धूम्रसूचक यंत्र व्यवहारात उतरले.

या यंत्राचे अंतरंग मोठे गमतीदार आहे. त्यातील छोट्याशा कोठीत किरणोत्सर्गी द्रव्याचा एक कण असतो. त्याचे किरण हवेच्या रेणूंना विद्युत्भारित करतात आणि दोन पट्ट्यांमध्ये अगदी क्षीण प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले की ते या भारित रेणूंना चिकटतात, प्रवाह मंदावतो, आणि यंत्र ओरडू लागते. या कामासाठी पुढे सर्वत्र अमेरिशियम-२४१ हे द्रव्य रूढ झाले. ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९४४ साली युद्धकाळातील गुप्त संशोधनात शोधले. त्याची पहिली जाहीर वाच्यता कोणत्याही विद्वत्सभेत झाली नाही. ती झाली नभोवाणीवर. ११ नोव्हेंबर १९४५ रोजी मुलांच्या एका कार्यक्रमात एका मुलाने आणखी काही नवी मूलद्रव्ये सापडली काय, असे विचारले, आणि सीबोर्ग यांनी सरळ सांगून टाकले! घरगुती यंत्रात हे द्रव्य एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागाहूनही कमी असते, आणि त्याचे किरण कागदाच्या एका कपट्यानेही अडतात. म्हणून यंत्र न उघडता वापरले तर त्यापासून धोका नाही.

१९५१पासून ही यंत्रे अमेरिकेत विकली जाऊ लागली. परंतु ती होती कारखान्यांसाठी आणि मोठ्या इमारतींसाठी. आकाराने मोठी आणि किमतीने भारी. तिजोरीला पहारा मिळाला, पाळण्याला मिळाला नाही. ही उणीव कोलोरॅडो राज्यातील ड्युएन पिअरसॉल यांनी भरून काढली. त्यांचा व्यवसाय स्थिर विद्युत् नाहीशी करणाऱ्या उपकरणांचा. तेथेही पुन्हा एका सहकाऱ्याच्या सिगारेटचा धूर आडवा आला आणि मापकाचा काटा घसरला. ज्या सिगारेटने असंख्य गाद्या पेटवल्या, तिनेच दोनदा या शोधाची वाट दाखवावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पिअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी १९६५च्या सुमारास बॅटरीवर चालणारे, कोणालाही छतावर बसवता येईल असे यंत्र सिद्ध केले. १९७५ साली त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले.

दरम्यान १९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निप्रतिबंध आयोगाचा ‘अमेरिका बर्निंग’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. आगीत दरवर्षी सुमारे १२,००० माणसे मरतात, हे त्याने देशाला बजावले, आणि घरोघरी धोक्याची सूचना देणारी यंत्रे असावीत असा आग्रह धरला. मग यंत्र बसवावयाचे कोठे, हा प्रश्न आला. त्याचे उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी संशोधकांनी इंडियाना राज्यात सरोवराकाठी पाडावयास काढलेली खरीखुरी घरे निवडली, त्यांत आगी लावल्या आणि धूर कोठून कसा पसरतो ते मोजले. घराच्या प्रत्येक मजल्यावर एक यंत्र हवे, हा नियम या प्रयोगांतून दृढ झाला. यंत्रांचा प्रसार झपाट्याने झाला. १९७७ साली अमेरिकेतील घरांच्या आगीत ५,८००हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. २०१० साली हा आकडा २,६००च्या आसपास आला होता. याचे सारे श्रेय एका यंत्राला देणे अर्थातच योग्य नव्हे. धूम्रपान घटले, चुली व शेगड्या सुधारल्या, हेही खरे. तथापि चालू यंत्र असलेल्या घरात आगीत मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे निम्मे असते, असे तेथील पाहणीत वारंवार आढळून आले आहे.

‘चालू यंत्र’ हे दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कारण या इतिहासाचे दुसरे पान तितकेसे उज्ज्वल नाही. आग लागली, यंत्र छतावर होते, पण वाजले नाही, अशा घटनांची जेव्हा छाननी झाली तेव्हा जवळजवळ निम्म्या प्रसंगी बॅटरी काढलेली वा तोडलेली आढळली. काढली कोणी? घरच्याच माणसांनी. पाव करपला, यंत्र ओरडले. फोडणी चढली, यंत्र ओरडले. वैतागलेल्या गृहस्थाने खुर्चीवर चढून त्याचा आवाज कायमचा बंद केला. जागल्या उगाच ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसाच हा प्रकार.

या दोषावर शास्त्रज्ञांनी जे उपाय योजले त्यांतूनच आजचे नियम घडले. १९७०च्या दशकात प्रकाशावर चालणारी यंत्रे आली. बंद खोलीत कवडसा आला की त्यात धूलिकण चमकताना दिसतात. त्याच न्यायाने या यंत्राच्या अंधाऱ्या कोठीत शिरलेला धूर प्रकाश विखुरतो आणि यंत्राला जागे करतो. गादी किंवा कापूस तासन्‌तास धुमसत राहतो तेव्हा हे यंत्र लवकर सावध होते, आणि स्वयंपाकाच्या वाफाऱ्याने ते तुलनेने कमी फसते. भडकणारी आग किरणोत्सर्गी यंत्राला आधी कळते. म्हणून दोन्ही प्रकार घरात असावेत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. यंत्र शयनगृहात, शयनगृहाबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर असावे. धूर वर चढतो, म्हणून ते छतावर किंवा भिंतीच्या अगदी वरच्या भागात असावे. स्वयंपाकाच्या शेगडीपासून ते दहा फूट दूर ठेवावे. छताच्या पंख्याच्या पात्यांपासूनही तीन फूट दूर, नाहीतर पंख्याचा वारा धुराला त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. देवघरात नित्य धूप-उदबत्ती जळत असेल तर तेथून ते लांबच बरे.

बसवले की काम संपले, असे मात्र नाही. महिन्यातून एकदा कळ दाबून ते बोलते का ते पाहावे. बॅटरी वर्षातून एकदा बदलावी. दहा वर्षे टिकणारी बंदिस्त बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी. मधूनमधून बारीक चिवचिव ऐकू आली तर ती बॅटरीची याचना समजावी. धूळ आणि कोळिष्टके झाडावीत. रंगकाम करताना यंत्रावर रंग चढवू नये. दहा वर्षे झाली की सारे यंत्रच निवृत्त करावे, कारण त्याचे इंद्रिय तोवर बोथट झालेले असते. आणखी एक गोष्ट मेलबर्न येथील डोरोथी ब्रुक यांच्या संशोधनाने समोर आणली. यंत्राचा तीक्ष्ण आवाज होऊनही अनेक लहान मुले जागी होत नाहीत; खालच्या पट्टीतील आवाजाने ती अधिक सहज उठतात. म्हणून यंत्र वाजताच मुलांना कोणी उचलून न्यावयाचे, हे घरात आधीच ठरलेले असावे.

भारतात ही यंत्रे कचेऱ्या, हॉटेले, रुग्णालये यांच्या छतांवर दिसतात. बहुसंख्य घरांत ती अजून पोहोचलेली नाहीत. मात्र घरे बदलली आहेत. कापसाच्या जागी फोम आला, लाकडाच्या जागी प्लॅस्टिक आले, खिडक्या मिटून वातानुकूलन आले. इंडियानातील १९७५च्या सुमाराच्या प्रयोगांत भडकलेल्या आगीतून निसटण्यास सरासरी १७ मिनिटे मिळत. २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तसेच प्रयोग केले तेव्हा ही मुदत सुमारे ३ मिनिटांवर आली होती. तीन मिनिटांत बंब येणार नाही, शेजारी जागे होणार नाहीत. त्या अवधीत जाग आणू शकेल असा एकच पहारेकरी उरतो, आणि तो छतावर असतो. तो न झोपणारा आहे, हे विज्ञानाने साधले. पण तो जागा आहे की नाही, हे महिन्याकाठी एकदा विचारण्याचे काम विज्ञानाने कोणावर सोपवलेले नाही. ते घरातल्या माणसाचेच आहे.