मोहम्मद हबीब : व्यावसायिक खेळाडू आणि प्रशिक्षक

मोहम्मद हबीब (१९४९–२०२३) हे भारतातील पहिले खऱ्या अर्थाने व्यावसायिक फुटबॉलपटू मानले जातात. त्यांच्या काळी नामवंत खेळाडू रेल्वे, बँक किंवा पोलीस खात्यात नोकरीला असत. घर पगारावर चाले, म्हातारपणाची सोय निवृत्तिवेतनाने होई आणि क्लबचे मानधन ही वरची मिळकत ठरे. हबीब यांनी अशी नोकरी धरली नाही. त्यांचा चरितार्थ फुटबॉलवरच चालला.

ते मूळचे हैदराबादचे. या शहराला फुटबॉलची शिस्त लावली ती पेशाने शिक्षक असलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांनी. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. मात्र खेळावर पोट भरायचे तर कोलकाता गाठणे भाग होते. हबीब १९६६ मध्ये ईस्ट बंगालमध्ये दाखल झाले. पुढे जवळजवळ दोन दशके ते ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या तिन्ही मोठ्या क्लबांकडून आलटूनपालटून खेळले. धाकटे भाऊ मोहम्मद अकबर हेही कोलकात्यात गाजले. थोरले म्हणून हबीब यांना मैदानावर सारे ‘बडे मियाँ’ म्हणत.

हबीब आघाडीच्या फळीत खेळत, पण गोलची वाट पाहत पुढे उभे राहणे त्यांना मान्य नव्हते. मागे येऊन चेंडू हिसकावणे, तो पुढे नेणे आणि शेवटच्या मिनिटापर्यंत धावत राहणे ही त्यांची ओळख होती. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने जपानला हरवून कांस्यपदक मिळवले, त्या संघात ते होते. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलमध्ये भारताला त्यानंतर पदक मिळालेले नाही. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर पेले यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला २-२ असे रोखणाऱ्या मोहन बागानकडूनही ते खेळले. १९८० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

निवृत्तीनंतर हबीब प्रशिक्षणाकडे वळले. जुन्या पद्धतीत मुलगा गल्लीत किंवा शाळेत खेळे आणि गुण दिसला तर क्लब त्याला उचले. घडवण्याची जबाबदारी कुणा एकाची नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी टाटा स्टीलने १९८७ मध्ये जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमी सुरू केली. देशभरातून निवडलेली मुले तिथे राहून शिक्षण आणि सराव दोन्ही करत. हबीब यांनी या अकादमीत आणि नंतर हल्दियाच्या अकादमीत मुलांना शिकवले. कष्टाच्या खेळावर नाव कमावलेला माणूस आता तेच कष्ट मुलांच्या अंगी बाणवत होता.

टाटा अकादमीतून कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग, दीपक मंडल आणि गोव्याचे महेश गवळी असे आंतरराष्ट्रीय खेळाडू निघाले. गवळी पुढे राष्ट्रीय संघाचे सहप्रशिक्षक झाले. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि फुटबॉलवर उदरनिर्वाह करण्याची वाट अधिक रुंद झाली. हबीब त्या वाटेने तीस वर्षे आधीच निघाले होते. १५ ऑगस्ट २०२३ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.