एकाच बाकावर दोघं : मॉर्मन मिशनरी दांपत्यांचा इतिहास



अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो नावाचं गाव आहे. मॉर्मन चर्चचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. आपल्याला नाव परकं वाटेल. पण ह्यू फिंडले नावाचे त्यांचे मिशनरी १८५२ साली मुंबईत उतरले होते आणि पुण्यातही त्यांनी काम केलं होतं. ते इथे फारसं रुजलं नाही, एवढंच.

या केंद्रात गर्दी असते ती अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींची. पण त्या गर्दीत पांढऱ्या केसांची जोडपीही दिसतात. मुलांची लग्नं उरकली आहेत, नोकरी संपली आहे. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत आडनाव; त्याच्या आडनावाआधी 'एल्डर', तिच्या आडनावाआधी 'सिस्टर'. साधारण आठवडाभर शिकायचं आणि मग सहा महिने, वर्ष, दीड वर्ष चर्च सांगेल तिथे जायचं. खर्च मुख्यतः पदरचा. तरुणांसारखं दारोदार हिंडण्याची त्यांच्याकडून अपेक्षा नसते. मदतकार्य, कार्यालयीन कामं, वंशावळींच्या नोंदी, लहानशा मंडळ्यांना आधार, अशी कामं त्यांच्या वाट्याला येतात.

आपल्या मनात लगेच वानप्रस्थ येतो, आणि ते योग्यच आहे. मनुस्मृतीचा सहावा अध्याय आठवा. गृहस्थानं वनात जाताना बायकोला मुलांच्या हवाली करावं, किंवा बरोबर घेऊन जावं. पर्याय दोन आहेत, पण निवडणारा एकच. तिला काय हवं, हा प्रश्नच तिथे नाही. मॉर्मन मिशनचा इतिहास आपल्याला याच प्रश्नासाठी पाहायचा आहे.

सुरुवातीला पद्धत होती घरी ठेवून जाण्याची. १८३९ चा सप्टेंबर. मिसिसिपीच्या काठी हिवतापाची साथ होती. ब्रिगम यंग इंग्लंडला निघाले तेव्हा बायको दहा दिवसांची ओली बाळंतीण होती. त्यांचे सोबती हीबर किंबॉल निघाले तेव्हा त्यांची पत्नी व्हिलेट तापानं अंथरुणाला खिळलेली. हे दोघेही स्वतः आजारीच. गाडी थोडी पुढे गेल्यावर ते कसेबसे उठून उभे राहिले आणि टोप्या हलवून त्यांनी जयघोष केला. व्हिलेट उठून दारापर्यंत आली. पंथात हा प्रसंग श्रद्धेचा नमुना म्हणून सांगतात. आपण मात्र क्षणभर दारात उभं राहून तो पाहू. तिथून तो जरा वेगळा दिसतो.

आता दुसरं जोडपं. ॲडिसन प्रॅट आणि लुइसा बार्न्स प्रॅट, दोघांचाही जन्म १८०२ चा. ॲडिसन पूर्वी व्हेलमासे धरणाऱ्या जहाजावर खलाशी होता. १८४३ साली त्याला प्रशांत महासागरातल्या बेटांवर पाठवलं. तो पाच वर्षं परतला नाही. त्या काळात सगळा समाज इलिनॉयमधून हुसकावला गेला आणि लुइसा चार मुलींना घेऊन, बैलगाडीनं, सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. नवऱ्यानं पत्करलेल्या व्रताची किंमत बायको कशी चुकवते, हे यापेक्षा उघड कुठे दिसणार?

१८४८ च्या सप्टेंबरात ॲडिसन परत आला. पुढच्या हिवाळ्यात त्यानं तिथे ताहिती भाषेचा वर्ग घेतला. आजच्या भाषाप्रशिक्षणाचं बीज असं एका खलाशाच्या वर्गात सापडतं. पुढे तो पुन्हा बेटांकडे निघाला. आणि १८५० साली खुद्द लुइसालाही तिकडे जाण्याची आज्ञा झाली. मुलींसह ती तुबुआई बेटावर उतरली, तेव्हा नवरा ताहितीत फ्रेंच अधिकाऱ्यांनी अडकवून ठेवलेला होता. म्हणजे बरोबर गेली म्हणावं, तर तिथेही सुरुवात एकटीनंच! तिथल्या बायकांत बसून ती त्यांची भाषा शिकली, त्यांना शिवण शिकवलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई अक्षरओळखीपासून सुरुवात करते, हे आम्हाला कोणत्याही जयघोषापेक्षा मोठं वाटतं.

या कथेचा शेवट गोड नाही. १८५२ मध्ये कुटुंब परतलं, कॅलिफोर्नियात स्थिरावलं. १८५७-५८ च्या सुमारास सगळ्यांना युटात बोलावणं आलं. लुइसा गेली, ॲडिसन बहुपत्नीत्वाला राजी नव्हता, त्याचा जीवही युटात रमेना. पुढे दोघं बहुतांशी वेगळेच राहिले. तो १८७२ साली कॅलिफोर्नियात गेला, ती १८८० साली युटात. एका ध्येयासाठी प्रवास केला म्हणून एक संसार टिकतोच असं नाही.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. अविवाहित स्त्रियांना अधिकृतपणे मिशनवर पाठवलं ते १८९८ साली. १९२५ मध्ये सॉल्ट लेकला प्रशिक्षणाचं 'मिशन होम' सुरू झालं. १९६१ पासून प्रोव्होच्या विद्यापीठात भाषावर्ग भरू लागले आणि १९७८ मध्ये सगळं एकत्र येऊन आजचं केंद्र झालं.

मग त्या आठवड्यात नेमकं बदलतं काय? ही जोडपी समोरासमोर बसून सराव करतात. एकानं पाहुणा व्हायचं, दुसऱ्यानं बोलायचं. चाळीस वर्षं ज्याचं वाक्य आपण मध्येच तोडत आलो, त्याचं पुरतं ऐकून घ्यायचं. आम्ही आयुष्यभर फळ्याच्या बाजूला उभं राहिलो. म्हातारपणी बाकावर बसणं किती अवघड, हे आम्हाला विचारा! त्यातून आपल्याच बायकोसमोर चुकायचं. हा वैराग्याचा नव्हे, पण अहंकार सोडण्याचा अभ्यास नक्की आहे.

तरी भाबडेपणा नको. या चर्चमध्ये पौरोहित्य आजही पुरुषांकडेच आहे. बाप्तिस्मा देईल तो एल्डर, सिस्टर नाही. बाक एक असला तरी अधिकार एक नाही. शिवाय दुसऱ्यानं आपला धर्म स्वीकारावा ही इच्छा घेऊन त्याच्या घरी जाणं कितपत योग्य, हा प्रश्न वय वाढल्यानं सुटत नाही. मदतीला गेलेल्या आजी-आजोबांनाही तो लागू आहे.

पण व्हिलेट दारात उभी होती, लुइसा परक्या किनाऱ्यावर एकटी उतरली आणि आजची सिस्टर नवऱ्याशेजारी वही उघडून बसते. या तीन जागांमध्ये जवळजवळ दोन शतकांचं अंतर आहे, आणि तेवढं अंतर बायकांनी चालून काढलं आहे. आपल्या घरात निवृत्तीनंतरचे बेत ठरतात, कुणी तीर्थयात्रेचे, कुणी गावी जाऊन राहण्याचे. ते बेत करताना 'तिला काय शिकायचंय?' असं आपण किती जण विचारतो? आम्ही स्वतः फार उशिरा विचारलं. उत्तर आलं, "आता विचारताय होय!"

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.